बेताचें ध्वनियंत्र

घरांत गाणें ऐकण्याचें एखादें बेताचें यंत्र असावें, त्यावर रोज संध्याकाळीं कांहीं ऐकावें, आणि एके दिवशीं स्नेह्याकडे त्याहून मोठें यंत्र पाहून आपलें अगदींच टाकाऊ वाटूं लागावें, हा अनुभव पुष्कळांना येतो. यंत्र कालचेंच, गाणेंहि कालचेंच; पालटतें तें ऐकणाराचें मन. मग मुलें वडिलांच्या मागें लागतात, वडील हप्त्यांचा हिशेब मांडूं लागतात, आणि ज्या पैशांत मुलीची गाण्याची शिकवणी वर्षभर चालली असती ते एका पेटींत जाऊन बसतात. या असमाधानांत खरें किती व भ्रम किती, हें ध्वनिशास्त्राच्या आधारें तपासून पाहण्याजोगें आहे.

प्रथम शक्तीचा विचार करूं. ध्वनिवर्धकावर, म्हणजे दुकानदार ज्यास ॲम्प्लिफायर म्हणतात त्यावर, अमुक वॅट असा आंकडा असतो, व गिऱ्हाइकाची पहिली दृष्टि त्यावरच जाते. परंतु कान वॅट मोजीत नाहीं. आवाजाची पातळी डेसिबल या मापानें मोजतात. शक्ति दुप्पट केली तर ही पातळी अवघी ३ डेसिबलनें वाढते. आवाज कानाला सुमारें दुप्पट वाटावयास मात्र १० डेसिबल, म्हणजे दसपट शक्ति लागते. अर्थात् २० वॅटच्या यंत्राहून ४० वॅटचें यंत्र दुप्पट मोठें वाजत नाहीं, थोडासा फरक कळतो इतकेंच. दुप्पट वाजावयास २०० वॅट हवेत. आणि ते हवेत तरी कशाला? घरगुती स्पीकरला १ वॅट शक्ति दिली असतां एक मीटरवर सामान्यतः ८५ ते ९० डेसिबल आवाज मिळतो. आपलें साधें बोलणें ६० च्या आसपास असतें. म्हणजे लहान खोलींत आपण बहुतेक वेळ एका वॅटाहूनहि कमी शक्तीवर गाणें ऐकत असतों. बाकीचे वॅट एखाद्या अचानक उसळीसाठीं हाताशीं असावे लागतात खरे; पण तेहि थोडेच.

दुसरी गोष्ट खोलीची, आणि माझ्या मतें सर्वांत दुर्लक्षित ती हीच. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारें ३४३ मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींत १० फुटांचें अंतर असेल, तर सेकंदाला सुमारें ५६ कंपनें असणाऱ्या नादाची अर्धी लहर त्यांत नेमकी बसते. तो नाद भिंतींपाशीं फुगतो व खोलीच्या मध्यभागीं जवळजवळ नाहींसा होतो. अशा खोलींत भला मोठा स्पीकर आणून खर्ज वाढविला कीं डग्ग्याचा एक घुमारा दुसऱ्यांत मिसळतो आणि लयीचा चिखल होतो. लहान स्पीकर तो खर्ज मुळांत कमी उत्पन्न करतो, म्हणून लहान खोलींत तो पुष्कळदां अधिक स्वच्छ वाजतो. १९७० नंतरच्या दशकांत बी. बी. सी. च्या इंजिनिअरांनीं फिरत्या प्रक्षेपण-गाड्यांसाठीं जेमतेम फूटभर उंचीचा एक स्पीकर तयार केला. अगदीं खालच्या खर्जाचा नाद त्यांनीं सोडून दिला व मनुष्याचा आवाज मनुष्यासारखा यावा एवढ्यावर लक्ष ठेविलें. जाणते लोक त्या स्पीकरचें नांव अजूनहि आदरानें घेतात.

कोणी विचारील, लहान स्पीकरमधून तंबोऱ्याचा खर्ज येतो तरी कसा? तंबोऱ्याच्या स्वरांत मूळ कंपनांबरोबर त्यांच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सहनाद असतात. मूळ नाद क्षीण झाला तरी कान सहनादांवरून तो स्वर ओळखतो. तबल्यावरील शाईमुळें त्याच्या नादांतहि असेच सुरेल सहनाद जुळतात, हें रामन यांनीं आपल्या एका सहकाऱ्यासह १९२० सालीं दाखवून दिलें होतें.

आतां बिनखर्ची सुधारणा. दोन स्पीकर व ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा. स्पीकर कानाच्या उंचीवर असावेत व कोपऱ्यापासून दूर असावेत. जमिनीवर सतरंजी, खिडकीला जाड पडदा आणि एका भिंतीला पुस्तकांचें कपाट असलें म्हणजे प्रतिध्वनि पुष्कळ मोडतो. कपाटाच्या माथ्यावर, छताला टेकविलेले स्पीकर मीं अनेक घरांत पाहिले आहेत. ती जागा खरें म्हणजे लोणच्याच्या बरणीची. दुकानांत तुलना करतांना दोन्ही यंत्रें सारख्याच आवाजावर लावण्यास सांगावें, कारण किंचित् मोठें वाजणारें यंत्र कानाला नेहमींच अधिक चांगलें वाटतें. शिवाय वयाबरोबर अतिशय उंच नाद ऐकूं येईनासे होतात. म्हणून परीक्षेच्या वेळीं घरांतल्या लहानग्यांचे कान बरोबर न्यावेत.

आपण ऐकतों काय, यावरहि बरेंच अवलंबून आहे. अब्दुल करीमखां १९३७ सालीं निवर्तले. त्यांचें गाणें आपणांस मिळतें तें ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून. एका बाजूस सुमारें तीन मिनिटें, त्यांत खरखर, आणि वरचे बारीक नाद तर बहुतेक उतरलेलेच नाहींत. जें तबकडींत नाहीं तें लाख रुपयांचें यंत्रहि देऊं शकत नाहीं; जें आहे तें साधा स्पीकर जवळजवळ सगळें देतो. केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ सालीं व्हॉयेजर यानाबरोबर अंतराळांत गेली. ती ऐकतांना ध्यान त्यांच्या दमसासाकडे जावें, स्पीकरच्या तारेकडे नव्हे. आणि ज्याचें तारेकडेच जातें, त्याला नवें यंत्रहि फार दिवस पुरणार नाहीं.

लहान यंत्र सर्व कांहीं करतें असें मात्र नाहीं. चर्चमधील मोठ्या ऑर्गनची १६ फुटी नळी सेकंदाला सुमारें ३२ कंपनांचा नाद काढते. तो छातींत जाणवतो, आणि फूटभर स्पीकरमधून तो येत नाहीं. तो ऐकावयाचा तर चर्चमध्येंच जाऊन बसावें. तसेंच, जुन्या स्पीकरच्या शंकूभोवतीं फोमची कड असेल तर कांहीं वर्षांनीं तिचा भुगा होतो व आवाज फाटतो. तेवढ्यावरून स्पीकर भंगारांत घालूं नये. कड बदलून देणारे कारागीर असतात, व त्यांची मजुरी नव्या स्पीकरच्या मानानें थोडी असते.