दुकानांतील दिवा व मालाचा रंग

टोमॅटो, डाळिंब, मिरची यांची पारख गिऱ्हाईक प्रथम डोळ्यांनीं करतें, आणि दुकानांत तो डोळा दिव्याच्या अधीन असतो. सकाळीं मळ्यांत लालभडक दिसलेलें फळ काचेच्या कपाटांत मळकट, तपकिरी कां दिसावें? फळांत कांहीं बिघाड झालेला नसतो. लाल फळ आपल्यावर पडलेल्या प्रकाशांतील लाल किरण तेवढे परत फेंकतें. मुळांत तेच थोडे असले तर तें बिचारें परत काय करणार!

दिव्याचा हा गुण मोजण्याची रीत आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगानें १९६५ सालीं घालून दिली व १९७४ सालीं सुधारली. दिव्याच्या प्रकाशाचें यंत्रानें पृथक्करण करतात. मग ठराविक रंगांचे नमुने त्या दिव्याखालीं कसे दिसतील, आणि त्याच छटेच्या आदर्श प्रकाशांत कसे दिसतील, हें गणितानें काढतात. फरक जितका अधिक, तितके १०० मधून गुण कमी. पहिल्या आठ नमुन्यांच्या गुणांची सरासरी हाच खोक्यावर छापलेला ‘सी. आर. आय.’ चा आंकडा होय.

खरी मेख येथेंच आहे. ते आठहि नमुने फिकट आहेत. गडद लाल हा नववा नमुना. त्याचे गुण सरासरींत धरीतच नाहींत! हल्लींचे पांढरे एल. ई. डी. दिवे बहुधा निळ्या प्रकाशावर पिवळा लेप चढवून केलेले असतात. त्यांत गडद लाल किरण तुटपुंजे. म्हणून ८० गुणांच्या दिव्याचा नववा आंकडा शून्याच्या आसपास, कधीं त्याखालींहि असतो.

अमेरिकेंतील प्रकाश-अभियंत्यांच्या संस्थेनें २०१५ सालीं ९९ रंगांची नवी पद्धत काढली. तींत दोन आंकडे मिळतात: एक रंगाच्या सचोटीचा, दुसरा भडकपणाचा. दुसरा १०० च्या वर गेला कीं रंग एकंदरींत असावेत त्याहून भडक दिसतात. मांसाच्या दुकानांतील गुलाबी दिव्यांची करामत हीच. आम्हांस ती पसंत नाहीं. घरीं नेल्यावर माल फिका दिसला म्हणजे बोल शेवटीं पिकविणारावरच येतो.

रात्रीं प्रतवारी करणारांनीं सरासरी ९० व नववा आंकडा ५० च्या वर असलेला दिवा मागावा. आंकडे न मिळाल्यास एक पिकलेला व एक अर्धवट रंगलेला टोमॅटो त्या दिव्याखालीं शेजारीं ठेवावा. भेद चटकन् दिसला नाहीं, तर तो दिवा गोठ्यांत लावावा.