बोलपटाने रूबी मायर्सना संपवलं नाही

बोलपट आला आणि मूकपटातली नटनट्यांची अख्खी पिढी घरी बसली, हे आपण इतक्या वेळा ऐकलेलं आहे की त्याची शहानिशा करावी असं कुणाला वाटत नाही. त्याचा दाखला म्हणून हमखास पुढे केलं जाणारं नाव म्हणजे सुलोचना. मराठी वाचकाला या नावासरशी सुलोचनादीदी लाटकर आठवतात, पण ही सुलोचना त्यांच्या बरीच आधीची. मूळ नाव रूबी मायर्स. जन्म पुण्याचा, 1907 सालचा, बगदादी ज्यू वंशाच्या घरातला. आपल्याकडच्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्रायलींपेक्षा हा समाज वेगळा. मूकपटांच्या जमान्यात रूबी मायर्स यांच्याएवढी लोकप्रियता क्वचितच कुणाला लाभली. हिंदुस्तानी धड बोलता येत नसल्यामुळे बोलपटाने त्यांचा घास घेतला, असं सांगितलं जातं. माझ्या मते ही हकिकत अर्धवट आहे आणि त्या अर्धवटपणामुळे एका कर्तबगार बाईवर अन्याय झाला आहे. भाषा त्या शिकल्या आणि प्रेक्षकांनी त्यांना पुन्हा डोक्यावर घेतलं. नंतर त्या मागे पडल्या त्याला बऱ्याच अंशी दुसरंच कारण होतं. नायिका कुणाला म्हणायचं, याचं मापच त्या दशकात बदललं.

हे माप आधी काय होतं? दादासाहेब फाळक्यांना 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’साठी तारामती मिळेना, तेव्हा उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना लुगडं नेसवून उभं करावं लागलं. पुढे ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमळाबाई पडद्यावर आल्या खऱ्या, पण घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबांची दारं त्यानंतरही बंदच राहिली. ती जागा ज्यू आणि अँग्लो-इंडियन मुलींनी भरून काढली. मूकपटात उच्चार ऐकू येत नसत, संवादाच्या पाट्या पडद्यावर यायच्या. रेनी स्मिथची सीतादेवी झाली, रूबी मायर्सची सुलोचना. रूबी तेव्हा टेलिफोन ऑपरेटर होत्या. कोहिनूर फिल्म कंपनीचे मोहन भवनानी यांनी काम देऊ केलं, तेव्हा त्यांनी आधी चक्क नकार दिला होता. अखेर 1925 साली ‘वीरबाला’ आला. मग अर्देशिर इराणींच्या इंपीरियल कंपनीत त्या गेल्या आणि त्यांचं नाव घरोघरी झालं.

त्यांना केवळ देखणा चेहरा म्हणून निकालात काढणाऱ्यांनी 1927 च्या ‘वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे’कडे पाहावं. या एका चित्रपटात त्यांनी आठ रूपं घेतली होती. त्यांत माळी होता, पोलीस होता, हैदराबादी गृहस्थ होता, रस्त्यावरचं उनाड पोर होतं, केळी विकणारी म्हातारी होती, सोनेरी केसांची गोरी मेमही होती. शब्दांचा आधार नसताना पोलिसाची चाल, म्हातारीचा बाक आणि पोराचा द्वाडपणा प्रेक्षकाला वेगवेगळा ओळखू येईल असा करायचा, हे काम केवळ सौंदर्यावर भागत नाही. ‘टायपिस्ट गर्ल’, ‘इंदिरा बी.ए.’ ही नुसती नावं वाचली तरी त्यांनी पडद्यावर काय आणलं ते कळतं. नोकरी करणारी, शिकलेली, शहरात वावरणारी मुलगी पाहण्यासाठी लोक तिकीट काढत होते, आणि तेही विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात.

त्यांचा पगार मुंबईच्या गव्हर्नरपेक्षा जास्त होता, हे वाक्य त्यांच्यावरच्या जवळपास प्रत्येक लेखात असतं. महिना 5000 रुपये हा आकडा त्यासोबत दिला जातो. पण गव्हर्नरचं वेतन वर्षाला लाखाहून अधिक होतं आणि महिना 5000 म्हणजे वर्षाचे 60000. हिशेब जुळत नाही. तरीही ही आख्यायिका पसरली आणि टिकली, हे महत्त्वाचं आहे. एका नटीच्या कमाईची तुलना थेट लाटसाहेबाशी करावी असं लोकांना वाटलं, इतका तिचा दबदबा होता.

आता आवाजाचा प्रश्न. 14 मार्च 1931 रोजी गिरगावातल्या मॅजेस्टिकमध्ये ‘आलम आरा’ झळकला. कंपनी इंपीरियलच, निर्माते इराणीच, पण नायिका झुबेदा. भाषेची अडचण खरी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण रूबी मायर्स यांनी त्यावर काय केलं? साधारण वर्षभर काम थांबवलं, हिंदुस्तानी शिकल्या आणि 1932 साली ‘माधुरी’ घेऊन परतल्या. त्यांचाच 1928 चा गाजलेला मूकपट आता बोलू लागला होता. त्याआधीच या मूकपटातलं त्यांचं एक नृत्य ध्वनीची जोड देऊन दाखवलं गेलं होतं, तेही महात्मा गांधींच्या हस्ते झालेल्या खादी प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या लघुपटाबरोबर! पाठोपाठ ‘इंदिरा एम.ए.’ (1934), ‘अनारकली’ (1935), ‘बंबई की बिल्ली’ (1936) आले. आवाजाने संपलेली नटी आवाजाच्या जमान्यात चार-पाच वर्षं नायिका म्हणून उभी राहत नाही.

यावर असं म्हणता येईल की ही सगळी जुन्याचीच उजळणी होती, नवं काही जमलं नाही. उजळणी होती हे मान्य. पण तो त्या काळच्या धंद्याचा रिवाज होता. रणजितच्या गोहर यांनी 1927 ची आपली ‘गुणसुंदरी’ 1934 मध्ये पुन्हा केली, आणि त्यांना भाषेची अडचण असल्याचं कुणी म्हणत नाही. झुबेदा तर पहिल्याच बोलपटाच्या नायिका, तरी त्यांचीही कारकीर्द ते दशक संपेपर्यंत मंदावली. भाषा येणाऱ्या आणि न येणाऱ्या दोघी जवळपास एकाच वेळी मागे सरल्या असतील, तर कारण भाषेपलीकडे शोधायला हवं.

ते शोधताना पुन्हा तारामतीकडे यावं लागतं. प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये, म्हणजे बोलका ‘माधुरी’ आला त्याच 1932 साली, तारामती झाल्या दुर्गा खोटे. साळुंके यांच्यापासून इथवर 19 वर्षं लागली. प्रतिष्ठित घरातली शिकलेली स्त्री पडद्यावर आली आणि पुढच्या काही वर्षांत चित्रपट कंपन्या याच गोष्टीची जाहिरात करू लागल्या. लीला चिटणीस यांची ओळख 1937 च्या ‘जंटलमन डाकू’च्या वेळी महाराष्ट्रातल्या पहिल्या पदवीधर नटी अशी करून देण्यात आली. ‘इंदिरा बी.ए.’ साकारून रूबी मायर्स यांनी ज्या मुलीची पडद्यावर सवय लावली, तीच मुलगी आता खरीखुरी पदवी आणि चांगलं आडनाव घेऊन आली होती. त्याच वेळी गाणाऱ्या नायिकेची मागणी वाढली, कारण पार्श्वगायन रुळेपर्यंत गळा नटीचाच लागे. या दोन्ही कसोट्यांवर अभिनयाची आधीची कमाई उपयोगी पडत नव्हती.

ज्यू नट्या तर नंतरही काम करत राहिल्या, मग जात-धर्म-कुळाचा मुद्दा कशाला, असं कुणी विचारेल. काम मिळत राहिलं हे खरं. पण कोणतं? प्रमिला म्हणजे एस्थर अब्राहम, किंवा ‘श्री 420’ मधल्या नादिरा, यांच्या वाट्याला बहुतेक वेळा खलनायिका आली, सिगारेट ओढणारी, नायकाला भुलवणारी. आधुनिक शहरी मुलगी रूबी मायर्स यांच्या काळात नायिका होती, वीस-पंचवीस वर्षांत ती बिघडलेली बाई ठरली. केवळ याच एका कारणाने त्यांची कारकीर्द आटोपली असा माझा दावा नाही. इंपीरियल 1938 साली बंद पडली, दिनशा बिलिमोरिया यांच्याबरोबरची गाजलेली जोडी फुटली, वयाने तिशी ओलांडली. त्या काळी नटीला यातलं एकही परवडत नसे. पण कंपन्या बदलून टिकलेल्या नायिका आपल्याला माहीत आहेत. टिकण्यासाठी नव्या मापात बसावं लागत होतं, आणि ते माप जन्मावरून ठरत होतं.

हे सारं त्यांच्या चित्रपटांवरूनच तपासता आलं असतं तर बरं झालं असतं. पण त्यांचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. नायट्रेटची रिळं भडकन पेटत, ओलाव्याने चिकटत, आणि त्यातली चांदी काढून घेण्यासाठी वितळवलीही जात. भारतीय चित्रपटांचं राष्ट्रीय संग्रहालय रूबी मायर्स यांच्या जन्मगावी, पुण्यात, 1964 साली सुरू झालं. तोवर फार उशीर झाला होता. मूळ काम दिसेनासं झालं की मागे उरतात छायाचित्रं आणि किस्से, आणि किश्शांत बोलता न येणारी सुंदर बाई सहज बसते.

पुढे त्यांनी लहान-मोठ्या भूमिका केल्या. 1953 च्या ‘अनारकली’त बीना राय नायिका होत्या आणि रूबी मायर्स सलीमच्या आईच्या भूमिकेत, जोधाबाई म्हणून. दिग्दर्शक होते नंदलाल जसवंतलाल, ‘इंदिरा एम.ए.’चेच. सरकारने 1973 चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना दिला. 1983 साली मुंबईत त्या वारल्या. चित्रपटांच्या इतिहासात त्यांचं प्रकरण आजही बहुधा 1931 ला मिटवलं जातं. ते निदान 1936 पर्यंत न्यायला हवं, आणि त्यानंतरच्या पानावर त्यांच्या उच्चारांपेक्षा स्टुडिओंच्या निवडीचा हिशेब मांडायला हवा.