वाफेचं मशीन: धुणं सोपं, वाळवणं अवघड

मैत्रिणींनो, तुमच्या घरात ते घर्रघर्र करणारं मशीन आहे का? ज्या घरात दम्याचं मूल आहे, किंवा पावसाळा-हिवाळा आला की ज्यांची छाती वाजू लागते असे आजी-आजोबा आहेत, त्या घरात हल्ली मिक्सर-इस्त्रीच्या जोडीला नेब्युलायझरही असतो. आपण त्याला सरसकट ‘वाफेचं मशीन’ म्हणतो. डॉक्टर घ्यायला सांगतात, केमिस्टकडून आपण ते आणतो, औषध कुठे ओतायचं ते दुकानदार दाखवतो. पण वापरून झाल्यावर त्याचं काय करायचं, हे बहुधा कुणी सांगत नाही. खोक्यातली पुस्तिका बारीक अक्षरांतली. ती आपण जपून ठेवतो आणि वाचत नाही. मीही वाचली नव्हती, आणि त्याची शिक्षा माझ्या धाकट्याला भोगावी लागली. ती हकीकत पुढे येतेच.

आधी एक गैरसमज दूर करू. याला वाफेचं मशीन म्हणत असलो तरी त्यात वाफ नसते. वाफाऱ्यात पाणी तापतं आणि त्याची वाफ होते. इथे तापत काहीच नाही. आजोळी फ्लिटचा पंप ज्यांनी पाहिला असेल त्यांना हे पटकन कळेल. दांडा पुढे ढकलला की हवेचा जोराचा झोत सुटायचा, डब्यातलं औषध वर खेचलं जायचं आणि त्याचा फवारा उडायचा. नेब्युलायझरमध्ये हेच होतं, फक्त फार बारीक प्रमाणावर. मशीन हवा दाबून नळीतून पाठवतं. औषधाच्या कपाच्या तळाशी एक सूक्ष्म भोक असतं, त्यातून ती हवा जोरात बाहेर पडते, औषधाला वर ओढते आणि समोरच्या अडसरावर आपटवून त्याचं धुकं करते. त्या धुक्यातले थेंब साधारण १ ते ५ मायक्रॉनचे असावे लागतात. आपल्या डोक्याचा एक केस ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो, यावरून कल्पना करा. थेंब याहून मोठे झाले की ते तोंडात आणि घशातच बसतात, फुफ्फुसांत खोलवर पोहोचत नाहीत. म्हणजे मशीन चालू, आवाज चालू, मूल मास्क लावून शहाण्यासारखं बसलेलं, आणि औषध मात्र पोटात!

आता माझी हकीकत. सकाळी मला शाळेत शिकवायला जायचं असतं, त्यामुळे सात ते आठ हा आमच्याकडे धावपळीचा तास. धाकट्याला मशीन लावायचं, ते संपलं की कप नळाखाली धरायचा, फडक्याने आतून खसाखसा पुसायचा, झाकण लावून पुन्हा खोक्यात. स्वच्छतेत आपण काही कमी करत नाही असा माझा समज! पण दोनेक महिन्यांनी असं झालं, की जे औषध दहा मिनिटांत संपायचं त्याला वीस-पंचवीस मिनिटं लागू लागली. मी कप उजेडात धरून पाहिला, तर भोकापाशी पांढरट काहीतरी साचलेलं.

माझी आई रॉकेलच्या स्टोव्हला पिन मारायची. बर्नर तुंबला, पिवळी ज्योत यायला लागली, की पिन घातलीच. ते डोळ्यांनी पाहून मोठी झालेली मी. दुसरं काय सुचणार? शिवणाच्या डब्यातली सुई घेतली आणि त्या भोकात फिरवली. पांढरं निघालं, मी खूष. पण त्यानंतर धुकं नीट येईना. जे यायचं ते जाडंभरडं, मास्कच्या आत थेंब लोंबायचे, मुलाचे गाल ओले व्हायचे. आणि खोकला काही हटेना. चौथ्या दिवशी रात्री त्याच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जाताना दिसल्या, तेव्हा मात्र माझे हातपाय गळाले. रातोरात दवाखाना गाठला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मला मशीन घेऊन बोलावलं. कप हातात घेऊन त्यांनी विचारलं, “सुई घातलीत का यात?” मी गप्प. “कशी पुसता?” मी सांगितलं. “आणि वाळवता कसा?” याला उत्तरच नव्हतं, कारण मी तो कधी वाळवतच नव्हते! त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “भोक मोठं झालं की झोताचा जोर जातो आणि थेंब मोठे होतात. हा कप टाकून द्या. आणि पुढच्या वेळी धुण्यापेक्षा वाळवण्याकडे जास्त लक्ष द्या.” मशीनला काही झालं नव्हतं. काही शे रुपयांत कप-मास्क-नळीचा नवा सेट येतो. त्या रुपयांसाठी मी मुलाचे चार दिवस वाया घालवले होते.

मग पुस्तिका काढून वाचली, डॉक्टरीणबाईंना दहा शंका विचारल्या, आणि आता आमच्याकडे जो शिरस्ता आहे तो तुम्हाला सांगते.

औषध संपत आलं की कप फसफसू लागतो, धुकं थांबून-थांबून येतं. तिथे बंद करायचं. तळाशी थोडं औषध राहतंच, ते ‘वाया कशाला’ म्हणून पुढच्या वेळेसाठी ठेवायचं नाही, ओतून द्यायचं. नळी कपापासून सोडवायची. कप, त्याच्या आतला सुटा भाग आणि मास्क असे तिन्ही वेगळे करायचे. तो आतला भाग चिमुकला असतो, सिंकच्या जाळीतून जायला त्याला वेळ लागत नाही, तेव्हा सगळं एका पातेल्यात ठेवूनच धुवावं. कोमट पाणी, त्यात भांड्यांच्या लिक्विड साबणाचे चार थेंब, थोडं हलवायचं, आणि वाहत्या पाण्याखाली धुवायचं. घासणी नको, ब्रश नको, पावडर तर नकोच. शेवटचं विसळणं उकळून गार केलेल्या पाण्याने. इथे पुष्कळजणी म्हणतात, “आमच्याकडे फिल्टरचं पाणी आहे हो.” फिल्टरचं पाणी पिण्याला चांगलं, पण ते निर्जंतुक असतं असं नाही. जे फुफ्फुसात जायचं त्याला उकळलेलंच हवं. औषधात मिसळण्यासाठीही नळाचं पाणी कधीच नको. डॉक्टर सांगतील तर निर्जंतुक सलाईनच.

सलग वापर चालू असेल तर रोज एकदा, निदान दिवसाआड, कप उकळावा. खळखळ उकळी आल्यावर पाच मिनिटं पुरे. मात्र उकळण्यापूर्वी पुस्तिका पाहाच, कारण सगळेच कप ते सोसत नाहीत. वापरून फेकायचे स्वस्त कप उकळीत वाकडे होतात, आणि वाकडा कप म्हणजे गळका कप. मऊ प्लॅस्टिकचा मास्कही उकळायचा नाही. तो आक्रसतो आणि मग नाकापाशी नीट बसत नाही. पातेलं मोठं घ्या, पाणी भरपूर घाला. तळाला टेकलेलं प्लॅस्टिक वितळतं, हे मी दुसऱ्या कपावर शिकले! सोलापूरला माझ्या नणंदेकडे बोअरचं पाणी. तिच्या कपावर उकळून-उकळून क्षार चढले. अशा ठिकाणी पिण्याचं, कमी क्षाराचं पाणी उकळायला घ्यावं. माझ्या कपाच्या भोकाशी जे पांढरं साचलं होतं, तेही बहुधा हेच असणार. भोक तुंबलं तर कोमट साबणपाण्यात अर्धा तास भिजत ठेवून पाहावं. नाही सुटलं तर कप बदलावा. सुई नाही, टाचणी नाही, दात कोरायची काडीसुद्धा नाही.

आणि आता वाळवणं. मैत्रिणींनो, खरी मेख इथे आहे. धुतलेला पण ओला कप झाकून ठेवला, की त्या ओलीत जंतू वाढतात. सिंकच्या जाळीत, ओल्या फडक्यात बुळबुळीत होतं ना, तेच जंतू, तीच ओल. आणि दुसऱ्या दिवशी आपण त्यांचंच बारीक धुकं करून आजारी मुलाच्या छातीत सोडतो. बाकी भांड्यांचं असं नसतं. वाटी थोडी ओली राहिली तर काही बिघडत नाही. म्हणूनच आपल्या हाताला ही सवय नाही.

पुसायचं मात्र नाही. फडक्याचे तंतू भोकाशी अडकतात, आणि स्वयंपाकघरातलं फडकं किती स्वच्छ असतं ते तुम्हाला-मला ठाऊक आहे. सगळे भाग झटकून पाणी उडवायचं आणि धुतलेल्या, कोरड्या सुती पंचावर सुटे-सुटे ठेवायचे. कप उपडा, पण थोडा तिरका, म्हणजे खालून हवा खेळते. वरून एक पातळ मलमलचा तुकडा टाकला की धूळ आणि माश्या नाहीत. जागा ओट्याची नको, तिथे फोडणीचा तेलकट धूर असतो. मोरीजवळची तर नकोच. आमच्याकडे कपाटाचा वरचा कप्पा यासाठी राखून ठेवला आहे. कडक उन्हात रोज वाळवलं तर प्लॅस्टिक पिवळं पडून कडक होतं. केस वाळवायच्या ड्रायरची युक्ती माझ्या जावेने केली होती. तिचा मास्क आता पुरीसारखा फुगलेला आहे.

पावसाळ्यात काय करायचं? आषाढात आमच्याकडे रुमाल दोन दिवस वाळत नाही, तिथे कपाच्या खाचा कुठल्या वाळणार! त्यावर तोड मशीनच्याच पोटात आहे. झटकलेल्या कपाला नळी जोडायची आणि मशीन मिनिट-दोन मिनिटं रिकामंच चालवायचं. भोकातलं पाणी उडून जातं. मग कप सुटा करून पंख्याखाली ठेवायचा. दुसरं म्हणजे दोन सेट ठेवायचे. सकाळचा वाळतो तोवर संध्याकाळी दुसरा. सकाळी घाईत असणाऱ्या आपल्यासारख्यांना हाच उपाय खरा. पूर्ण कोरडं झाल्यावरच डब्यात. बंद प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल राहिली तर सगळी मेहनत पाण्यात.

नळी धुवायची नाही, ती आतून वाळतच नाही. आत दवासारखे थेंब दिसले तर कप काढून नुसती नळी लावून मशीन चालवायचं, थेंब निघून जातात. तरीही ओल किंवा काळपट डाग राहिले तर नळी बदला. मशीनला पाणी दाखवायचं नाही, प्लग काढून ओलसर कापडाने बाहेरून पुसलं की झालं. त्याच्या अंगाला एक छोटी टोपी असते, तिच्याखाली फिल्टर असतो. तो राखाडी झाला की बदलायचा. हा फिल्टर असतो हेच अनेक घरांत माहीत नसतं!

अलीकडे मुठीत मावणारी, आवाज न करणारी मेश मशीनं आली आहेत. त्यांच्यात हजारो सूक्ष्म छिद्रांची एक चकती असते. तिला बोट, कापूस, ब्रश काहीच लागता कामा नये. वापर झाला की पुस्तिकेत सांगितलेलं पाणी घालून ते थोडा वेळ चालवायचं, म्हणजे छिद्रं मोकळी राहतात. आणखी एक प्रकार अल्ट्रासॉनिक मशीनचा. त्यात बुडेसोनाइड हे नेहमीचं औषध चालत नाही, तेव्हा औषध आणि मशीन यांची जोडी जमते का ते डॉक्टरांना विचारून घ्या. बुडेसोनाइड दिल्यावर मुलाला चूळ भरायला लावा आणि मास्कखालचा चेहरा धुवा.

पंपाला लावायचा स्पेसर ज्यांच्याकडे आहे त्यांनीही तो आतून पुसू नये. पुसल्याने प्लॅस्टिकवर वीज साठते आणि औषध आतल्या भिंतीलाच चिकटतं. कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलायचा खेळ आठवा. साबणाच्या कोमट पाण्यातून काढून तो तसाच निथळत वाळू द्यायचा.

आजीबाईंच्या बटव्याबद्दल मला आदर आहे, पण तो या कपाजवळ नको. निलगिरीचे दोन थेंब, कापूर, ओव्याचा अर्क, असलं काही कपात घालू नका. तेल फुफ्फुसात गेलं तर तिथे सूज येते. डॉक्टरांनी लिहिलेल्या औषधाशिवाय कपात काही जायचं नाही. आणि औषध देऊनही दम कमी होत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील, मुलाला वाक्य पुरं बोलता येत नसेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर दुसऱ्यांदा मशीन लावून वाट पाहू नका, ताबडतोब दवाखाना.

शेजारधर्माचं काय, असं तुम्ही विचाराल. गेल्या महिन्यात रात्री अकराला वरच्या मजल्यावरच्या वहिनी दारात. नातवाला धाप लागली होती, डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं होतं, मशीन हवं होतं. मशीन दिलं. पण आमचा कप, मास्क, नळी दिली नाही. पाकीट न फोडलेला एक सेट मी याचसाठी ठेवते, तो दिला. वहिनी सकाळी मशीन परत घेऊन आल्या, सोबत पिशवीत वापरलेला सेट, छान पुसून चकचकीत केलेला. मी त्यांना आत बोलावलं, चहा टाकला, आणि पंचा अंथरून तिथेच दाखवलं.