जल, हायड्रो आणि थुई

हनोईपासून पंचाहत्तर किलोमीटरांवर, दा नदीवर, होआ बिन्हचं मोठं धरण आहे. 1979 मध्ये सोव्हिएत संघाच्या मदतीने त्याचं काम सुरू झालं आणि 1994 मध्ये वीजप्रकल्प पुरा झाला. मधल्या पंधरा वर्षांत व्हिएतनामची परकी भाषाच बदलून गेली. पायाभरणीच्या वेळी रशियन येणाऱ्या इंजिनिअरला मान होता. शेवटचं जनित्र फिरू लागलं तेव्हा त्याच इंजिनिअरची मुलं संध्याकाळी इंग्रजीच्या शिकवणीला जात होती.

व्हिएतनामी माणसाने गेल्या चाळीस वर्षांत इंग्रजीचे अवघड, पुस्तकी शब्द कसे कमावले याचा मागोवा मला या धरणापासूनच घ्यावासा वाटतो. अशा वीजप्रकल्पाला व्हिएतनामी भाषेत ‘थुई दिएन’ म्हणतात. थुई म्हणजे जल, दिएन म्हणजे विद्युत. आपलं ‘जलविद्युत’ तसंच घडलं आहे आणि इंग्रजीतलं ‘हायड्रोइलेक्ट्रिक’ही. तीन भाषा एकमेकींपासून हजारो मैल दूर, पण शब्दाची बांधणी एकच. रोजच्या बोलण्यात मात्र व्हिएतनामी माणूस पाण्याला ‘थुई’ म्हणत नाही, ‘नुओक’ म्हणतो. आपणही तहान लागली की जल मागत नाही, पाणी मागतो.

हे नीट समजून घ्यायला हवं. मराठीत जसे संस्कृतातून आलेले तत्सम शब्द, तसे व्हिएतनामी भाषेत चिनीतून आलेले ‘हान-व्हिएत’ शब्द आहेत. प्रशासन, विज्ञान, तत्त्वज्ञान आणि वर्तमानपत्राचा अग्रलेख यांची भाषा बहुतांशी त्यांनी बनलेली आहे. इंग्रजीत हे काम लॅटिन आणि ग्रीक करतात. मरणं याला साधा व्हिएतनामी शब्द ‘चेत’, पण अमर याला ‘बात तू’: बात म्हणजे ‘अ’, तू म्हणजे मृत्यू. इंग्रजीतही मरण्याला ‘डाय’, पण अमराला ‘इम्मॉर्टल’. औद्योगिकीकरणातलं जे ‘करण’, तेच व्हिएतनामी ‘कोंग न्गिएप होआ’तलं ‘होआ’ आणि तेच इंग्रजी इंडस्ट्रिअलायझेशनचं शेपूट. ‘सिन्ह हॉक’ म्हणजे जीवशास्त्र, बायोलॉजी. सिन्ह जीव, हॉक शास्त्र. व्हिएतनामी विद्यार्थ्याच्या घरात ही वरची माडी आधीच बांधलेली आहे. इंग्रजीच्या माडीवर जायला त्याला तोच जिना चालतो. माझी तक्रार एवढीच, की चाळीस वर्षांत शाळेने हा जिना त्याला फारसा दाखवलाच नाही.

डिसेंबर 1986 मध्ये कम्युनिस्ट पक्षाच्या सहाव्या अधिवेशनात ‘डोई मोई’ म्हणजे नूतनीकरणाचं धोरण आलं आणि बंद अर्थव्यवस्थेची दारं उघडू लागली. तोवर शाळांत रशियनचं राज्य होतं. दक्षिणेत 1975 पर्यंत इंग्रजी आणि फ्रेंच जोरात होत्या, नंतर त्या मागे पडल्या. 1991 मध्ये सोव्हिएत संघच उरला नाही, तेव्हा रशियन शिकवणाऱ्या हजारो शिक्षकांपुढे प्रश्न उभा राहिला. सरकारने त्यांना इंग्रजीच्या वर्गात बसवलं. चाळिशी ओलांडलेले, आयुष्यभर पुश्किन शिकवलेले शिक्षक पुन्हा पहिल्या बाकावर आले. या पिढीविषयी मला मनापासून आदर वाटतो. त्यांचे उच्चार अडखळत होते, काळ चुकत होते. पण अवघड शब्दांच्या बाबतीत ते कोरे नव्हते, हे कुणी फारसं सांगत नाही. ‘इंदुस्त्रिआलिझात्सिया’ त्यांना रशियनमधून ठाऊक होतं. धरणाच्या नावातला ‘हायड्रो’ त्यांना ‘गिद्रो’ म्हणून भेटलेला होता.

फेब्रुवारी 1994 मध्ये अमेरिकेने व्यापारबंदी उठवली. जुलै 1995 मध्ये दोन्ही देशांचे राजनैतिक संबंध जुळले आणि त्याच महिन्यात व्हिएतनाम आसिआनमध्ये दाखल झाला. त्या संघटनेचा कारभार इंग्रजीत चालतो. मग शहरांत रात्रीच्या वर्गांचं पीक आलं. ए, बी, सी अशा पायऱ्यांची प्रमाणपत्रं नोकरीच्या अर्जाला जोडली जाऊ लागली. ‘स्ट्रीमलाइन इंग्लिश’ची पुस्तकं हातोहात फिरली. हनोईत होआन किएम तळ्याकाठी मुलं परदेशी पाहुण्यांना गाठून बोलायची, अजूनही बोलतात. रेडिओवर व्हॉइस ऑफ अमेरिकेच्या ‘स्पेशल इंग्लिश’मधल्या बातम्या सावकाश वाचल्या जायच्या, जेमतेम पंधराशे शब्दांत.

खरी अडचण या पंधराशे शब्दांच्या पुढे आहे. मायकेल वेस्ट याने 1953 मध्ये इंग्रजीच्या सुमारे 2,000 नित्याच्या शब्दांची यादी छापली. हा मास्तर आपल्या उपखंडात राहिलेला, ढाक्यात बंगाली मुलांना शिकवलेला. न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी 2000 मध्ये त्यावर विद्यापीठीय वाचनाची 570 शब्दकुळं रचली. पॉल नेशन यांच्या हिशोबाने कादंबरी किंवा वर्तमानपत्र विनासायास वाचायला आठ-नऊ हजार शब्दकुळं लागतात. पंधराशेपासून तिथवर नुसत्या पाठांतराने कुणी पोचत नाही. व्हिएतनामी भाषेत न कळता पाठ करण्याला ‘हॉक वेत’ म्हणतात, म्हणजे पोपटासारखं शिकणं. आपल्या पोपटपंचीचा हा सख्खा भाऊ.

शब्द पाठ झाला तरी तो कुणाच्या शेजारी बसतो हे कळायला वर्षं जातात. चहा आपल्याकडे कडक असतो, इंग्रजीत ‘स्ट्राँग’, व्हिएतनामी भाषेत दाट. पाऊस इंग्रजीत जड, व्हिएतनामी भाषेत मोठा. औषध व्हिएतनामी माणूस पितो, मग ती गोळी का असेना, आणि इंग्रजीतही ‘ड्रिंक मेडिसिन’ म्हणून जातो. ‘आन’ म्हणजे खाणे, या क्रियापदाची गंमत तर मराठी वाचकाला लगेच कळेल. ‘आन दोन’ म्हणजे मार खाणे. ‘आन होय लो’ म्हणजे लाच खाणे. ते लोक नव्या वर्षाचा सण, तेत, तोही ‘खातात’, आणि ज्याचा फोटो चांगला येतो तो माणूस फोटो ‘खातो’. इंग्रजीत यातलं काहीच खाल्लं जात नाही. मार खाणारे आणि लाच खाणारे आपण आणि ते एका पंक्तीला, इंग्रज मात्र वेगळ्या पानावर.

उच्चाराचा जाच निराळा. व्हिएतनामी शब्दाच्या शेवटी स, फ, ल हे ध्वनी येत नाहीत आणि जोडाक्षरांचे घोस नसतात. त्यामुळे ‘आइस’ आणि ‘आइज’ दोन्ही ‘आय’ होऊ पाहतात. पाच अवयवांचा लांबलचक शब्द, त्यात आघात एकावरच, ही कल्पना सहा सुरांत बोलणाऱ्या जिभेला परकी आहे.

लिपी मात्र ओळखीची. व्हिएतनामी भाषा रोमन अक्षरांत लिहिली जाते, आणि त्या लिपीच्या वाटेवर गोवा आहे. 1651 मध्ये रोमला व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश छापून घेणारा जेझुइट अलेक्झांडर द ऱ्होड्स पूर्वेकडे जाताना 1619 मध्ये गोव्यात उतरला होता. ख्रिस्तपुराण लिहिणारे फादर स्टीफन्स त्याच वर्षी तिथे वारले. फ्रेंच राजवटीनेही शब्द मागे ठेवले. ‘सी मांग’ म्हणजे सिमेंट, ‘सा फोंग’ म्हणजे साबण. या शब्दांचा इंग्रजीला उपयोग होतो, पण थोडाच.

2008 मध्ये सरकारने परकीय भाषांची राष्ट्रीय योजना आखली. तिसरीपासून इंग्रजी, 2020 पर्यंत पदवी घेणारे बहुतेक तरुण स्वतंत्रपणे भाषा वापरतील असं उद्दिष्ट, आणि खर्चाचा अंदाज 9,000 अब्ज डोंगांहून अधिक. शिक्षकांच्याच चाचण्या घेतल्या तेव्हा बहुसंख्य शिक्षक ठरवलेल्या पातळीच्या खाली निघाले. 2016 मध्ये शिक्षणमंत्र्यांनी राष्ट्रीय सभेत उद्दिष्ट गाठता येणार नसल्याचं कबूल केलं. पुढे मुदत 2025 पर्यंत वाढली.

या रिकाम्या जागेत आयेल्ट्‌स ही इंग्रजीची परीक्षा शिरली. विद्यापीठं प्रवेशासाठी तिचे गुण धरू लागली आणि शहरी घरांत इंग्रजी येणं म्हणजे आयेल्ट्‌सचा आकडा असं समीकरण झालं. नोव्हेंबर 2022 मध्ये परवानगीच्या प्रश्नावरून ही परीक्षा काही दिवस थांबली तेव्हा लाखमोलाची पुंजी अडकावी तसे पालक हवालदिल झाले. ‘तू वुंग’ म्हणजे शब्दसंग्रह, आणि याच शब्दाखाली बाजारात ‘आठ गुणांचे शब्द’ विकले जातात. मुलं निबंधात ‘प्लेथोरा’ लिहितात, पण रोजच्या बोलण्यात तो किती जड वाटतो हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. या व्यापाराने नुकसान केलं असं माझं स्पष्ट मत आहे. शब्द घरचे व्हायला वाचन लागतं, आणि याद्यांनी वाचनाचाच वेळ खाल्ला.

एका पानाच्या तीन रकान्यांत हान-व्हिएत अवयव, इंग्रजी अवयव आणि उदाहरणं मांडून शिकवता आलं असतं. बात, वो, फी हे नकाराचे उपसर्ग, होआ आणि हॉक हे शेवट, एवढ्यानेच शेकडो अवघड शब्दांची कुलुपं निघतात. त्यासाठी अब्जावधी डोंग लागत नाहीत. शिक्षकाला स्वतःची भाषा नीट यावी लागते.

2024 मध्ये पक्षाच्या पॉलिटब्युरोने इंग्रजीला शाळांत हळूहळू दुसऱ्या भाषेचं स्थान देण्याचं ठरवलं. त्याच्या पुढच्याच वर्षी शालान्त परीक्षेतून परकी भाषेची सक्ती गेली. सक्तीचे उरले ते गणित आणि साहित्य. अकरा लाखांहून अधिक परीक्षार्थींपैकी साडेतीन लाखांच्या आसपास मुलांनी आपणहून इंग्रजी निवडलं. जून 2025 मधल्या त्या प्रश्नपत्रिकेवर देशभर ओरड झाली. उतारे लांब आणि शब्द शाळेच्या पुस्तकाच्या फार पलीकडचे, असं मुलांचं म्हणणं होतं.