खुनी कोण, हे चाळीला ठाऊक असतं

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचा नायक झुंजार नाहीतर काळापहाड यायचा, बदमाशाचा मुखवटा गळून पडायचा आणि वाचक निर्धास्त झोपायचा. नाटककार-कथाकार जयंत पवारांच्या गिरणगावात, मुंबईच्या गिरणी कामगारांच्या वस्तीत, असं कुणी येत नाही. खुनी कोण, हे तिथे शोधावं लागत नाही. चाळीनेच त्याला लहानाचा मोठा होताना पाहिलेलं असतं. मेलेला आणि मारणारा एकाच संडासाच्या रांगेत उभे राहिलेले असतात.

मराठीतली अस्सल गुन्हेकथा गिरणगावातल्या लालबाग-परळमध्येच लिहिली गेली, ती यामुळे.

तिला कच्चा माल पुरवला तो इतिहासाने. लालबागमध्ये ५ जून १९७० रोजी कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला. पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले. १८ जानेवारी १९८२ला कामगार नेते दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. भोंगे थांबले. कुणी कोकणातलं गाव गाठलं, कुणी भाजीची गाडी लावली. नाक्यावर उभ्या राहणाऱ्या पोरांना मात्र रामा नाईक, बाबू रेशीम, अरुण गवळी यांच्या टोळीची वाट जवळची वाटू लागली. खुद्द गवळीचे वडील गिरणी कामगार होते. पुढे गिरण्यांच्या जमिनींना सोन्याचा भाव आला. १९९४मध्ये गिरणीमालक सुनीत खटाव भररस्त्यात मारले गेले आणि १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत सामंतांवर गोळ्या झाडल्या गेल्या.

पवारांचं ‘अधांतर’ हे नाटक नव्वदच्या दशकातलं. हा सगळा रक्तपात त्यांनी चाळीतल्या एका खोलीत आणला. बाबाला लेखक व्हायचंय, मोहनला क्रिकेटचं वेड, नरू टोळीत ओढला गेलाय. एकाच आईची ही मुलं. पोटाला भाकर नसलेल्या घरात कोण कुठल्या स्वप्नाला लटकतो, एवढंच पवार दाखवतात. नरूला माफ करत नाहीत आणि त्याचा नायकही करत नाहीत. महेश मांजरेकरांचा ‘लालबाग परळ’ (२०१०) हा चित्रपट याच नाटकावर बेतलेला. पडद्यावर गोळीबार लक्षात राहतो, नाटकात मात्र भावंडांची भांडणं मनात रुतून बसतात. तिथेच नाटक सरस ठरतं.

अशा कथांवरचा वाद जुनाच. भाऊ पाध्येंनी १९६५मध्ये ‘वासूनाका’ लिहिली तेव्हा नाक्यावरच्या पोरांची भाषा अनेकांना अश्लील वाटली होती. पवारांच्या कथेवरचा ‘नाय वरनभात लोन्चा कोन नाय कोन्चा’ हा चित्रपट २०२२मध्ये आला, तेव्हाही वादळ उठलं ते पडद्यावरच्या दृश्यांवरून. गिरण्या बंद झालेल्या वस्तीत वाढणाऱ्या पोरांविषयी फार कमी बोललं गेलं.

पवारांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’ या कथासंग्रहाला २०१२चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २०२१मध्ये ते गेले. त्यांच्या कथा वाचताना मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी जमवलेल्या गिरणी कामगारांच्या मुलाखतीही शेजारी ठेवा. टोळीत न गेलेल्या हजारो घरांचं म्हणणं तिथे सापडेल.