पुढील काच, मोटारगाडीची : बदलण्याची पद्धती

मोटारगाडीच्या चालकाचे वाऱ्याचा झोत, पाऊस, धूळ व उडणारे खडे यांपासून रक्षण करण्यासाठी त्याच्या समोर बसविलेल्या पारदर्शक काचेस पुढील काच म्हणतात. ती विंडशील्ड वा विंडस्क्रीन या नावांनीही ओळखली जाते. प्रारंभीच्या गाड्यांत तिचे काम केवळ आडोशाचे होते. आधुनिक गाडीत ती आसंजकाने (चिकटविणाऱ्या पदार्थाने) सांगाड्याशी पक्की जोडलेली असते व सांगाड्याचाच एक घटक म्हणून भार घेते. यामुळे फुटलेली काच काढून नवी बसविणे हे खिडकीचे तावदान बदलण्याइतके साधे काम राहिलेले नाही. ती सांगाड्याची दुरुस्ती असते आणि अपघाताच्या वेळी प्रवाशांचे रक्षण कितपत होईल, हे काही अंशी त्या दुरुस्तीवर अवलंबून असते. किंमती स्पोर्ट्स गाड्यांत काचेचा आकार, सांगाड्याचे द्रव्य व काचेलगतची उपकरणे यांमुळे हे काम विशेष काटेकोरपणे करावे लागते.

इतिहास : विसाव्या शतकाच्या प्रारंभी गाड्यांना साधी सपाट काच बसवीत. अपघातात तिचे धारदार तुकडे होऊन गंभीर जखमा होत. १९०३ मध्ये एद्वार बेनेदिक्त्यूस या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञांच्या हातून एक काचपात्र खाली पडले. त्याला तडे गेले, पण ते विखुरले नाही. पात्रात पूर्वी ठेवलेल्या सेल्युलोज नायट्रेटाचा पातळ थर आतून चिकटून राहिला होता व त्याने तुकडे धरून ठेवले होते. या निरीक्षणावरून त्यांनी दोन काचांमध्ये पारदर्शक थर असलेली स्तरित काच तयार केली आणि १९०९ मध्ये तिचे एकस्व (पेटंट) घेतले. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून रक्षण करणाऱ्या मुखवट्यांसाठी ती वापरण्यात आली. १९२७ च्या अखेरीस बाजारात आलेल्या फोर्ड मॉडेल ए या गाडीची पुढील काच स्तरित होती. सेल्युलोज नायट्रेटाचा थर उन्हाने पिवळा पडत असे. १९३० नंतरच्या दशकात पॉलिव्हिनिल ब्युटिरल हे बहुवारिक उपलब्ध झाल्यावर हा दोष दूर झाला.

याच सुमारास कठिणीकृत काचही प्रचारात आली. तापविलेली काच हवेच्या झोतांनी एकदम थंड केल्यास तिच्या पृष्ठभागात संपीडन प्रतिबल (दाबणारी प्रेरणा) निर्माण होऊन ती बळकट होते व फुटलीच तर तिचे बारीक, बोथट कण होतात. बाजूच्या काचांसाठी हा गुण सोयीचा आहे. पुढील काचेच्या बाबतीत मात्र एकाच खड्याने सर्व काच क्षणार्धात अपारदर्शक होऊन चालकाला रस्ता दिसेनासा होतो. तरीही यूरोपातील अनेक गाड्यांत १९७० नंतरच्या दशकापर्यंत कठिणीकृत पुढील काच वापरली जात होती. पुढे या जागी स्तरित काचच सर्वमान्य झाली. [→ काच].

रचना : प्रचलित स्तरित काचेत प्रत्येकी सुमारे २ मिमी. जाडीच्या दोन काचा व त्यांच्यामध्ये साधारणतः ०·७६ मिमी. जाडीचा पॉलिव्हिनिल ब्युटिरलाचा थर असतो. दोन्ही काचा एकावर एक ठेवून सुमारे ६००° ते ६५०° से. तापमानास इष्ट आकारात वाकवितात. मग धूलिरहित खोलीत त्यांच्यामध्ये मधला थर घालतात व दाबपात्रात सुमारे १४०° से. तापमान आणि वातावरणीय दाबाच्या दहापटींहून अधिक दाब देऊन तिन्ही थर एकजीव करतात. काचेच्या कडेने दिसणारा काळा पट्टा हा भाजून पक्का केलेल्या मृत्तिका रंगाचा असतो. तो शोभेसाठी नसतो. आसंजकावर सूर्यप्रकाशातील जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगाच्या पलीकडील अदृश्य) प्रारण पडल्यास त्याची पकड हळूहळू नष्ट होते. हा पट्टा ते प्रारण अडवितो.

सांगाड्याशी जोडलेली काच छताच्या पुढील खांबांना आधार देते व गाडी उलटल्यास छत दबण्यास विरोध करते. शेजारील प्रवाशासमोरची हवेची पिशवी (एअरबॅग) सेकंदाच्या काही शतांशांत फुगते. ती बहुधा वरच्या दिशेने उघडते व काचेवर टेकून प्रवाशाकडे वळते. काच त्या क्षणी निखळली, तर पिशवीला आधार उरत नाही. अमेरिकेतील संघीय मानक क्रमांक २१२ नुसार गाडी ताशी सुमारे ४८ किमी. वेगाने स्थिर अडथळ्यावर आदळवून काच जागेवर राहते की नाही, हे तपासतात.

दुरुस्ती की बदल : खडा आदळला की बाहेरच्या काचेत शंकूच्या आकाराचा सूक्ष्म तडा पडतो. त्यात ओलावा शिरल्यावर काचेतील बंध दुर्बल होतात. उन्हात तापलेल्या काचेवर आतून वातानुकूलकाची थंड हवा सोडल्यास किंवा खडबडीत रस्त्यावर सांगाडा पिळवटल्यास तडा एकाएकी लांबतो. इजा लहान, केवळ बाहेरच्या काचेत व काचेच्या कडेपासून दूर असल्यास काच बदलण्याची गरज नसते. तड्यातील हवा निर्वाताने (हवा शोषून) काढून त्यात पारदर्शक रेझीन भरतात व जंबुपार दिव्याने ते पक्के करतात. ही पद्धत १९७० नंतरच्या दशकात रूढ झाली. भरलेल्या जागी थोडी खूण राहते, म्हणून चालकाच्या दृष्टिरेषेत तिचा वापर टाळतात. ब्रिटनमधील वार्षिक वाहनतपासणीत चालकासमोरच्या २९० मिमी. रुंद पट्ट्यात १० मिमी. पेक्षा मोठी व पुसणी (वायपर) फिरते त्या उर्वरित भागात ४० मिमी. पेक्षा मोठी इजा अग्राह्य ठरते. तडा कडेपर्यंत गेला असल्यास, आतील काच फुटली असल्यास किंवा मधल्या थराला धक्का पोहोचला असल्यास काच बदलणे हाच उपाय असतो.

रबरी पट्टीची पद्धत : जुन्या स्पोर्ट्स गाड्यांत काच रबरी पट्टीने बसविलेली असे. १९६४ मध्ये उत्पादन सुरू झालेल्या पोर्श ९११ या जर्मन गाडीत हीच रचना होती. १९८९ मध्ये आलेल्या पिढीपासून तिची काच आसंजकाने जोडली जाऊ लागली. पट्टीला दोन खाचा असतात : एकीत काच व दुसरीत सांगाड्याच्या पत्र्याची कड बसते. नवी काच बसविताना प्रथम पट्टी काचेभोवती चढवितात व बाहेरच्या खाचेत दोरी घालून तिची टोके आत सोडतात. एकजण काच बाहेरून जागेवर दाबून धरतो व दुसरा आतून दोरी ओढत जातो. दोरीबरोबर रबराची कड पत्र्यावरून आत येते व काच जागी बसते. यात विशेष यंत्रसामग्री लागत नाही. मात्र पट्टीखाली साचलेल्या पाण्याने पत्रा गंजलेला असल्यास तो आधी दुरुस्त करावा लागतो. तसे न केल्यास गंजाचा फुगवटा काचेवर दाब देतो व नवी काचही तडकते. आकसलेली किंवा कडक झालेली जुनी पट्टी पुन्हा वापरीत नाहीत.

आसंजकाची पद्धत : पुसण्या, खालची झाकणे, कडेच्या पट्ट्या, आरसा व संवेदक प्रथम काढतात. नंतर जुन्या आसंजकाचा थर कंप पावणाऱ्या पात्याने, पीळदार पोलादी तारेने किंवा चिवट कृत्रिम दोरीने कापतात. रंगाचा थर खरवडला जाऊ नये म्हणून स्पोर्ट्स गाड्यांत दोरी अधिक पसंत करतात. काच निघाल्यावर सांगाड्यावरील जुने आसंजक मुळापासून काढीत नाहीत. पत्र्याशी त्याची पकड पक्की असल्यास ते तासून १ ते २ मिमी. जाडीचा समपातळीतील थर ठेवतात व त्यावर नवे आसंजक देतात. पत्र्यावर ओरखडा पडला असल्यास तेथे गंजरोधक प्रथमलेप देणे अत्यावश्यक असते. नव्या काचेची कड विशिष्ट द्रवाने पुसून स्वच्छ करतात. त्यानंतर तिला बोटांचा स्पर्शही होऊ देत नाहीत, कारण त्वचेवरील तेलकटपणानेसुद्धा पकड कमी होते. मग खाच असलेल्या नळीने पॉलियुरेथेन आसंजकाची त्रिकोणी छेदाची अखंड कड घालतात आणि शोषक पेल्यांनी धरलेली काच एकाच प्रयत्नात नेमक्या जागी टेकवितात. टेकविल्यावर ती सरकविल्यास आसंजकात पोकळी राहून पाणी झिरपते.

हे आसंजक हवेतील बाष्पाशी विक्रिया होऊन बाहेरून आत पक्के होत जाते. थंड व कोरड्या हवेत ही क्रिया मंदावते. म्हणून प्रत्येक आसंजकासाठी त्याचा उत्पादक तापमान व आर्द्रतेनुसार गाडी सुरक्षितपणे चालविण्यापूर्वीचा किमान अवधी ठरवून देतो. आसंजकाच्या प्रकारानुसार तो सुमारे अर्ध्या तासापासून अनेक तासांपर्यंत असतो. पूर्ण बळकटी येण्यास त्याहून बराच अधिक काळ लागतो. या काळात सर्व खिडक्या बंद ठेवून दार आपटल्यास आतील हवेचा दाब एकदम वाढून ओली जोडणी उचलली जाते. यासाठी एक खिडकी थोडी उघडी ठेवतात. जोरदार फवाऱ्याने गाडी धुणेही काही दिवस टाळतात. गाडी लवकर हवी, या ग्राहकाच्या आग्रहाखातर हा अवधी कमी करणे हा या कामातील सर्वांत धोक्याचा दोष होय. काच जागेवर बसलेली दिसते, पाणीही गळत नाही. परंतु जोडणीचे अपुरे बळ प्रत्यक्ष अपघातातच उघड होते.

स्पोर्ट्स गाड्यांतील विशेष बाबी : हवेचा रोध कमी व्हावा म्हणून या गाड्यांची काच फार कललेली व दोन दिशांनी वक्र असते. काच जितकी कललेली, तितका प्रकाशकिरणांचा तिच्यातील मार्ग लांब होतो व वक्रतेतील लहानशी चूकही दृश्य वेडेवाकडे करते. म्हणून केवळ मापात बसणारी काच पुरेशी नसते. तिची प्रकाशीय गुणवत्ता मूळ काचेइतकी असावी लागते. वेग इ. माहिती चालकासमोर काचेवर प्रक्षेपित करणाऱ्या गाड्यांत मधला थर किंचित पाचरीच्या आकाराचा असतो. त्यामुळे काचेच्या दोन पृष्ठभागांवरून परावर्तित होणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळतात. अशा गाडीत साधी काच बसविल्यास आकडे दुहेरी दिसतात.

सांगाड्याचे द्रव्यही विचारात घ्यावे लागते. १९९० मधील होंडा एनएसएक्स या गाडीचा सांगाडा ॲल्युमिनियमाचा, तर २०११ मधील मॅक्लारेन एमपी४-१२सी या गाडीची मध्यवर्ती घडण कार्बन तंतूंच्या संमिश्र द्रव्याची आहे. अशा द्रव्यांत कापणाऱ्या तारेने झालेली इजा सामान्य पत्र्याप्रमाणे भरून काढता येत नाही. आसंजकाला काळा रंग देणारा कार्बन विजेचा संवाहक असल्याने ॲल्युमिनियमाशी त्याचा ओलाव्यात संपर्क आल्यास विद्युत् रासायनिक गंज सुरू होऊ शकतो. तेथे कमी संवाहकतेचे आसंजक वापरतात. फोर्ड जीटी या गाडीत (उत्पादन २०१६–२२) आतील बाजूस पातळ रासायनिक कठिणीकृत काच वापरल्याने पुढील काच नेहमीच्या काचेपेक्षा सुमारे ३०% हलकी झाली. तिच्या जागी नेहमीची जड काच बसविल्यास गाडीच्या वरच्या भागातील वजन वाढून गुरुत्वमध्य उंचावतो. म्हणजेच वळणावरील स्थैर्यासाठी साधलेला लाभ कमी होतो.

कॅमेऱ्याचे अंशशोधन : पुढील अडथळा ओळखून आपोआप गतिरोध करणाऱ्या गाड्यांत कॅमेरा काचेमागे आरशाजवळ असतो. नव्या काचेमुळे त्याच्या रोखात १° चा फरक पडला, तर ५० मी. अंतरावरील वस्तूचे स्थान सुमारे ८७ सेंमी. ने चुकते, म्हणजे शेजारच्या मार्गिकेतील वाहन आपल्या मार्गिकेत असल्याचा निष्कर्ष यंत्रणा काढू शकते. यासाठी ठराविक अंतरावर आकृतिफलक मांडून, किंवा आखलेल्या रस्त्यावर गाडी चालवून, अथवा दोन्ही प्रकारे कॅमेऱ्याचे अंशशोधन करतात.

भारतातील नियम : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० अन्वये पुढील काच स्तरित सुरक्षा काचेची असावी लागते व तिच्यातून निदान ७०% दृश्य प्रकाश आरपार जावा लागतो. बाजूच्या काचांसाठी हे प्रमाण ५०% आहे. वाहनांच्या सुरक्षा काचेसाठी भारतीय मानक २५५३ (भाग २) लागू आहे. महाराष्ट्रात पुण्याजवळील चाकण येथे मोटारगाड्यांच्या काचांचे उत्पादन होते. परदेशी बनावटीच्या मोजक्या स्पोर्ट्स गाड्यांच्या काचा मात्र बहुधा आयात कराव्या लागतात व त्यासाठी बरेच दिवस थांबावे लागते. या काळात तडा गेलेल्या काचेनिशी गाडी वेगाने चालविणे किंवा मिळेल ती काच तात्पुरती बसविणे, हे दोन्ही मार्ग सारखेच अनिष्ट आहेत. बदललेल्या काचेवरील मानकाची खूण, वापरलेल्या आसंजकाचा प्रकार व मुदत, काच बसविल्याची वेळ आणि कॅमेऱ्याच्या अंशशोधनाचा निकाल यांची लेखी नोंद घेणे हितावह असते. कारण काच बसल्यानंतर तिची जोडणी डोळ्यांनी तपासण्याचा मार्ग उरत नाही.