शब्दांचा विद्यार्थी आणि तारांचे खाते

मराठवाड्यातील एखाद्या तालुक्याच्या गावाहून मुंबईशी बोलावयाचे तर ट्रंक कॉल नोंदवावा आणि तो लागेपर्यंत टपाल कचेरीच्या बाकावर ताटकळत बसावे, हा एका संपूर्ण पिढीचा अनुभव आहे. कॉल लागला तरी पलीकडचे निम्मे शब्द खरखरीत हरपत. दारात तार आली की ती उघडण्यापूर्वीच घरात रडारड सुरू होई. दूरध्वनी हे डॉक्टर, अडत व्यापारी आणि सरकारी अंमलदार यांच्या घरचे भूषण होते; शिक्षकाने वा कारकुनाने त्याची आस धरावी, असा तो काळच नव्हता. बीड जिल्ह्याने हा काळ पुरेपूर अनुभवला, आणि त्याच जिल्ह्यात वाढलेल्या एका तरुणाच्या हाती पुढे देशाच्या दळणवळण खात्याची सूत्रे आली. हा तरुण अभियंता नव्हता. पदार्थविज्ञानाच्या जोडीने त्याने अभ्यास केला होता तो वृत्तपत्रविद्येचा.

प्रमोद महाजन यांचा जन्म ३० ऑक्टोबर १९४९ रोजी महबूबनगर येथे झाला. परंतु त्यांची जडणघडण अंबाजोगाईची. ज्या गावात मुकुंदराजांची समाधी आहे, ज्या गावात दासोपंतांनी कापडाच्या लांबलचक पासोडीवर ग्रंथ लिहिला, त्या गावाला शब्दाचे मोल वेगळे शिकवावे लागत नाही. योगेश्वरी संस्थेत शिक्षण, विशीतच हरपलेले पितृछत्र, पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पत्रकारितेचा अभ्यास, अंबाजोगाईच्या खोलेश्वर विद्यालयात १९७१ ते १९७४ या काळात इंग्रजीचे अध्यापन आणि ‘तरुण भारत’मधील उपसंपादकी, असा त्यांचा प्रारंभीचा प्रवास आहे. आणीबाणीत त्यांना नाशिकच्या तुरुंगात राहावे लागले. वर्गातील फळा, वृत्तपत्राचा रकाना आणि सभेचे व्यासपीठ या तिन्ही ठिकाणी भांडवल एकच होते: आपले म्हणणे दुसऱ्यापर्यंत पोहोचविण्याची हातोटी.

अशा माणसाने तारा, मनोरे आणि उपग्रह यांच्या खात्यात काय करावे, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे उत्तर देशातील दूरसंचाराच्या इतिहासातच सापडते. १९८४ साली सी-डॉट ही संस्था स्थापन झाली आणि सॅम पित्रोदा यांच्यासारख्या तंत्रज्ञाच्या प्रेरणेने उष्म्यात व धुळीत टिकणारी ग्रामीण एक्स्चेंजेस देशातच तयार झाली. ते काम अभियंत्याचेच होते. परंतु १९९५ मध्ये भ्रमणध्वनी आला, खासगी कंपन्या आल्या, आणि पेच निराळ्या स्वरूपाचे झाले. परवान्याचे शुल्क किती असावे, मक्तेदारी कोणाची मोडावी, दर कोणाला परवडावेत, हे प्रश्न तारेचे नव्हते, धोरणाचे होते. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने ठरावीक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातील वाटा घेण्याचा मार्ग पत्करला. त्याच वर्षी निर्माण झालेले माहिती तंत्रज्ञान खाते महाजन यांच्याकडे आले, आणि २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा संमत झाला. सप्टेंबर २००१ मध्ये दळणवळण खातेही त्यांच्याकडे सोपविले गेले.

जानेवारी २००३ पर्यंतचा त्यांचा कार्यकाळ अवघा सोळा-सतरा महिन्यांचा. परंतु २००२ च्या प्रारंभी लांब पल्ल्याच्या एस.टी.डी.चे दर निम्म्याहून अधिक खाली आले. फेब्रुवारीत विदेश संचार निगमची सूत्रे टाटा समूहाकडे गेली. एप्रिलपासून परदेशी संभाषणाचे क्षेत्र स्पर्धेला खुले झाले. ऑक्टोबरमध्ये भारत संचार निगमची मोबाइल सेवा सुरू झाली. यातील पुष्कळ पाऊलवाटा आधीच आखल्या गेल्या होत्या, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. त्यामुळे सारे श्रेय एका व्यक्तीच्या पदरात टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. तथापि आखलेल्या वाटेवरून खाते चालविणे, आणि रुक्ष धोरणाचा अर्थ सामान्य माणसाला त्याच्या भाषेत सांगणे, हेही नेतृत्वाचेच काम होय.

या चित्राला दुसरी बाजू आहे, आणि ती झाकून ठेवणे उचित नव्हे. मर्यादित क्षेत्रात बिनतारी सेवा देण्याच्या परवानगीवरून त्या काळी मोठे वादंग माजले. एका बड्या उद्योगसमूहाला झुकते माप दिले जात असल्याचा आरोप झाला. महाजन यांचे ३ मे २००६ रोजी निधन झाले. त्यानंतर, २०११ मध्ये, त्यांच्या कारकिर्दीत कंपन्यांना दिलेल्या अतिरिक्त ध्वनिलहरींबद्दल केंद्रीय अन्वेषण विभागाने गुन्हा नोंदविला. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने त्यातील आरोपींना दोषमुक्त केले. न्यायालयाचा निर्णय शिरोधार्य. परंतु यातून बोध घ्यावयाचा तो असा की, वक्तृत्वाने निर्णय लोकप्रिय करता येतो, निर्दोष ठरविता येत नाही. त्यासाठी नियम आधी लिहावे लागतात, कारणे नोंदवावी लागतात आणि फायली दहा वर्षांनंतरच्या वाचकासाठी तयार ठेवाव्या लागतात. कोणती गोष्ट छापण्यापूर्वी तपासून घ्यावी, हे वृत्तपत्रविद्येचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतो. सत्तेच्या खुर्चीतही तोच धडा लागू पडतो.

आता बीडकडे पाहावे. जिल्ह्याच्या मुख्य ठाण्यी रेल्वेगाडी धावू लागली ती सप्टेंबर २०२५ मध्ये. भ्रमणध्वनी तिच्या कितीतरी आधी पोहोचला. दिवाळीच्या सुमारास येथील हजारो कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची वाट धरतात. पूर्वी कोपीतील माणसाला गावी राहिलेल्या म्हाताऱ्या आईची खबर कळायला कोणी येणारा-जाणारा भेटावा लागे. आज ती रात्री फोनवर कळते. हा बदल सामान्य नव्हे. परंतु २०२० मध्ये शाळा बंद पडून शिक्षण फोनवर आले, तेव्हा घरात एकच साधन आणि शिकणारी मुले तीन, अशी अवस्था अनेक शिक्षकांनी पाहिली. आवाज पोहोचला म्हणजे संधी पोहोचली असे होत नाही, हे त्या वर्षाने दाखवून दिले.

म्हणूनच अंबाजोगाईच्या वा बीडच्या महाविद्यालयात आज भाषा, पत्रकारिता, समाजशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्याने ‘तंत्रज्ञान हे आपले क्षेत्र नव्हे’ असे समजून मागे राहू नये. मनोरा कसा उभारावा हे अभियंता सांगेल. तो कोणाच्या शिवारात आधी उभारावा, हे ठरविण्यासाठी त्या शिवारातील माणसाचे बोलणे ऐकलेला कोणीतरी त्या खोलीत असावा लागतो. दुष्काळी जिल्ह्यातून तेथवर वाट जाते, हे एकदा सिद्ध झाले आहे. आता त्या वाटेने जाणाऱ्याने आपल्या गावचा प्रश्न सोबत न्यावा आणि निर्णयाचा हिशेबही चोख ठेवावा.